टर्बो पेट्रोल गाडीसाठी प्लॅटिनम स्पार्क प्लग कसा निवडावा

साताऱ्यात ‘टर्बो’ म्हटले की काही वर्षांपूर्वीपर्यंत डिझेल गाडीच डोळ्यांसमोर येत असे. २०१७ मध्ये नेक्सॉन आली, २०१९ मध्ये व्हेन्यू आली, २०२१ मध्ये कुशाक आणि टायगुन आल्या, आणि लहान टर्बो पेट्रोल इंजिन घरोघरी पोहोचले. या इंजिनाचा मालक पहिल्यांदा प्लग बदलायला निघतो तेव्हा दुकानात त्याच्यापुढे निकेल, प्लॅटिनम आणि इरिडियम असे तीन दरांचे तीन खोके ठेवले जातात आणि महाग तो चांगला, या हिशेबाने एक उचलला जातो. प्रत्यक्षात प्लगच्या टोकाला कोणता धातू आहे हा प्रश्न शेवटी येतो. त्याआधी प्लगची उष्णता श्रेणी म्हणजे हीट रेंज, त्याची गॅप म्हणजे ठिणगी जी फट ओलांडते तिचे अंतर, आणि त्याच्या आट्यांचे माप जुळावे लागते, आणि या तीनपैकी एकही गोष्ट ग्राहकाच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. ती इंजिन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेली असते. नव्या वाचकाने हा क्रम लक्षात ठेवून पुढे जावे.

एक प्राथमिक खुलासा इथेच करतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. त्यात असतो तो ग्लो प्लग, आणि तो मुख्यतः थंड इंजिन सुरू करताना उष्णता देतो. एकाच मॉडेलची डिझेल आणि पेट्रोल अशी दोन्ही इंजिने असतात, म्हणून दुकानात नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही.

टर्बोमुळे प्लगवर नेमका काय ताण येतो

टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. हवा जितकी दाट, तितकी ठिणगी पडणे अवघड, कारण दाट मिश्रणातून तीच गॅप ओलांडायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावे लागते. त्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनात १.० ते १.१ मिलिमीटर गॅप सहज चालते, तर अनेक टर्बो इंजिनांत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली आढळते. दुसरा ताण उष्णतेचा. जास्त हवा आणि जास्त इंधन एकाच वेळी जळाल्यावर प्लगचे टोक जास्त तापते, आणि ही उष्णता चिनी मातीच्या इन्सुलेटरमधून, धातूच्या कवचातून आणि आट्यांमधून सिलिंडर हेडकडे वाहून जावी लागते.

या दोन्ही ताणांचा अनुभव सपाटीवर फारसा येत नाही. महामार्गावर नागठाण्याहून उंब्रजकडे ऐंशीच्या वेगाने शांतपणे जाणाऱ्या गाडीत टर्बो जवळजवळ आराम करत असतो. तीच गाडी वाईहून पसरणी घाट चढू लागली, आत पाच माणसे आणि वर सामान असले, आणि वळणावरून निघताना चौथ्याच गिअरमध्ये पाय खाली दाबला, की सिलिंडरमधला दाब कमाल पातळीला जातो. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे रांगत चालल्यावर अचानक ओव्हरटेक करतानाही नेमके हेच घडते. झिजलेल्या प्लगची गाडी रिकाम्या रस्त्यावर सुरळीत चालते आणि घाटात मिसिंग मारते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून झटके देते, त्याचे कारण हेच आहे. पुष्कळ वेळा अशा गाडीचे आधी पेट्रोल बदलले जाते, मग इंजेक्टर साफ केले जातात आणि प्लगकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

पहिली पायरी: मूळ प्लगचा क्रमांक मिळवणे

गाडीसोबत मिळालेल्या मालक पुस्तिकेत तपशिलाच्या पानावर प्लगचा प्रकार आणि गॅप बहुधा छापलेली असते. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर चासी क्रमांक सांगावा. त्यावरून निघणारा भाग क्रमांक हा सर्वांत भरवशाचा. गाडीतला जुना प्लग काढून त्याच्या पांढऱ्या इन्सुलेटरवरचा क्रमांक वाचणे हा तिसरा मार्ग, परंतु जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने चुकीचा प्लग बसवलेला असू शकतो, म्हणून केवळ या मार्गावर विसंबू नये.

हा क्रमांक म्हणजे प्लगची जन्मपत्रिकाच असते. उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा ‘पीएफआर ६ क्यू’ हा प्लग घेऊ, जो फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी प्रसिद्ध आहे. यातील ‘पी’ प्लॅटिनम दर्शवतो. ‘एफ’ या अक्षरात तीन मापे सामावलेली आहेत: आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि पाना लागणारा षटकोन १६ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, म्हणजे ठिणगीमुळे होणारा विद्युत व्यत्यय कमी करणारा रोध, आहे. ‘६’ ही उष्णता श्रेणी. शेवटचे अक्षर टोकाच्या विशिष्ट रचनेचे. काही क्रमांकांच्या शेवटी आडव्या रेघेनंतर ११ असा आकडा असतो. त्याचा अर्थ कारखान्यातून गॅप १.१ मिलिमीटर ठेवलेली आहे. टर्बो गाडीसाठी असा प्लग कोणी पुढे केला तर हात आखडता घ्यावा आणि पुस्तिकेतली गॅप पुन्हा पाहावी.

नव्या लहान इंजिनांत जागेच्या टंचाईमुळे १२ मिलिमीटर व्यासाचे आणि २६.५ मिलिमीटर लांब आट्यांचे प्लग वाढले आहेत. आट्यांच्या लांबीत तडजोड करता येत नाही. आखूड प्लग बसवला तर ठिणगी ज्वलनकक्षाच्या आत न पडता भोकात पडते आणि हेडच्या उघड्या आट्यांवर काजळी साचते. लांब प्लग बसवला तर त्याच्या टोकावर पिस्टन आदळू शकतो.

दुसरी पायरी: उष्णता श्रेणी

या पायरीवर थोडे थांबावे, कारण सर्वाधिक महागडे नुकसान इथे होते. ‘थंड’ प्लग आणि ‘गरम’ प्लग या नावांचा ठिणगीच्या तीव्रतेशी काहीही संबंध नाही. टोकाची उष्णता जो झटपट हेडकडे सोडतो तो थंड, जो ती धरून ठेवतो तो गरम. टोकाचे तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० अंशांच्या पुष्कळ वर गेले तर ठिणगी पडण्याआधी तापलेले टोकच मिश्रण पेटवून देते. पिस्टन वर येत असतानाच झालेल्या या अवेळी स्फोटाने पिस्टनला भोक पडल्याची उदाहरणे आहेत. टर्बो इंजिनात ही दुसरी सीमा जास्त जवळ असल्यामुळे कारखान्यातूनच त्याला तुलनेने थंड प्लग दिलेला असतो.

यावरून ‘मग आणखी एक पायरी थंड घ्यावा, म्हणजे घाटात काळजी नाही’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. राजवाडा ते पोवई नाका, मुलांची शाळा, मंडई आणि परत घर असा ज्या गाडीचा आठवडा जातो, तिचे इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते; अशा गाडीत गरजेपेक्षा थंड प्लग काजळीने भरतो आणि सकाळी गाडी धडपडत सुरू होते. संगणकीय रीमॅप करून इंजिनाची ताकद वाढवली असेल तरच एक श्रेणी थंड प्लगाचा विचार करावा, आणि तोही रीमॅप करणाऱ्याच्या लेखी शिफारशीनुसार. एका श्रेणीच्या फरकाने टोकाचे तापमान ढोबळमानाने ७० ते १०० अंशांनी बदलते, हे लक्षात घेतले तर दोन श्रेणींची उडी किती मोठी असते ते समजेल.

आता एक सापळा. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा वाढला की प्लग अधिक थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत नेमके उलट, म्हणजे आकडा वाढला की प्लग अधिक गरम. शिवाय जपानी कंपन्यांचे आकडेही आपसात सारखे नाहीत. एनजीकेचा ६ हा साधारण डेन्सोच्या २० शी जुळतो. म्हणून कंपनी बदलायची असेल तर आकड्याला आकडा लावू नये. नव्या कंपनीच्या स्वतःच्या यादीत आपली गाडी, इंजिन आणि वर्ष शोधून तिथे दिलेला क्रमांक घ्यावा. ‘साहेब, हाच बसतो, काही होत नाही’ या आश्वासनातले पहिले तीन शब्द खरे असतात. आटे जुळले की प्लग बसतोच. उष्णता श्रेणी बाहेरून दिसत नाही.

तिसरी पायरी: धातू

मूळ प्रश्नाकडे आता वळता येईल. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी जिथून उडते ते टोक, निकेल मिश्रधातूचा आणि साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. प्रत्येक ठिणगी धातूचा एक अतिसूक्ष्म कण उडवते, कडा गोल होतात, गॅप वाढते आणि कॉइलकडून अधिकाधिक व्होल्टेज मागितले जाते. निकेल सुमारे १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम २४४६ अंशांना. धातू जितका चिवट, तितके टोक बारीक करता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते. तरीही प्लॅटिनमचा खरा लाभ आयुष्याचा आहे. त्याने गाडीची ताकद वाढत नाही. नवा निकेल प्लग आणि नवा प्लॅटिनम प्लग यांतला फरक पहिल्या दिवशी चालकाला बहुधा जाणवणारही नाही. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर निकेलची गॅप वाढलेली असते आणि प्लॅटिनमची जवळपास तशीच असते, आणि टर्बो इंजिनात गॅप मुळातच जपावी लागत असल्यामुळे हा फरक तिथे मोलाचा ठरतो.

साध्या इंजिनात प्लॅटिनम प्लगचे आयुष्य ढोबळमानाने ६० ते ८० हजार किलोमीटर धरले जाते. टर्बोत ते कमी धरावे आणि पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

प्लॅटिनममध्येही दोन जाती आहेत. एकेरी प्लॅटिनममध्ये फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असते, तर दुहेरीत वाकवलेल्या बाजूच्या इलेक्ट्रोडलाही प्लॅटिनमची चकती जोडलेली असते. काही चार सिलिंडरच्या इंजिनांत एक कॉइल दोन प्लगांना वीज पुरवते, आणि त्यांतल्या एका प्लगात ठिणगी नेहमी उलट्या दिशेने, म्हणजे बाजूच्या इलेक्ट्रोडकडून मध्याकडे, उडी घेते. तिथे एकेरी प्लॅटिनमची उघडी बाजू लवकर झिजते. अशा रचनेत दुहेरीच घ्यावा. आपल्याकडच्या तीन सिलिंडरच्या लहान टर्बो इंजिनांत बहुधा प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न तितका तीव्र नाही. तरी दोन्ही प्रकार समोर असतील आणि पुस्तिकेची मनाई नसेल, तर टर्बोसाठी दुहेरीला माझी पसंती आहे.

कारखान्याने मुळात इरिडियम दिले असेल तर काय? अनेक नव्या टर्बो इंजिनांत ते असते. तिथे पैसे वाचवण्यासाठी प्लॅटिनमकडे उतरू नये, कारण बारीक इरिडियम टोकाच्या हिशेबाने कॉइल आणि गॅप आखलेली असते. मूळ प्लग निकेलचा असेल आणि त्याच कंपनीच्या यादीत त्याच इंजिनासाठी प्लॅटिनमचा पर्याय दिलेला असेल, तर बदल निर्धास्तपणे करावा. ‘तांब्याचे प्लग टर्बोला उत्तम’ असेही ऐकू येते. तांबे हे इलेक्ट्रोडच्या गाभ्यात उष्णता वाहून नेण्यासाठी असते आणि ते चांगल्या प्लॅटिनम प्लगातही असतेच. ठिणगी तांब्यावरून पडत नाही.

टर्बो आणि सीएनजी असा संगम असलेल्या गाड्याही आता आल्या आहेत. २०२४ मध्ये आलेली नेक्सॉन सीएनजी त्यांतली पहिली. वायूच्या मिश्रणाला पेटण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अशा गाडीसाठी फक्त सीएनजी आवृत्तीचाच भाग क्रमांक घ्यावा.

चौथी पायरी: खरेदी

टर्बो पेट्रोलचे प्लग साताऱ्यातल्या प्रत्येक दुकानात तयार मिळतीलच असे नाही. दुकानदार पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मागवून देतो. घाईने हाताशी असलेला जवळपासचा क्रमांक बसवून घेण्यापेक्षा दोन दिवस थांबलेले बरे. स्पार्क प्लगमध्ये डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, म्हणून पक्क्या बिलाचा आग्रह धरावा आणि दुकानातच खोके उघडून पाहावे. अस्सल प्लगाची छपाई रेखीव असते आणि नखाने खरवडून निघत नाही, आटे गुळगुळीत असतात, गोल वायसर हाताने ओढून सहजासहजी निघत नाही आणि प्लॅटिनमचे टोक मधोमध, सरळ जोडलेले असते. मल्टिमीटर असेल तर वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंतचा रोध मोजावा. रेझिस्टर प्लगात तो साधारण ५ हजार ओहमच्या आसपास येतो. शून्य आला तर आत रेझिस्टर नाही आणि तो प्लग गाडीच्या संगणकाला विनाकारण त्रास देईल.

संपूर्ण संच एकदम बदलावा. तीनपैकी एकच प्लग नवा, ही काटकसर नव्हे.

पाचवी पायरी: बसवणे

इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू करावे, कारण तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग फिरवताना आटे जाण्याचा धोका असतो, आणि हेडचे आटे गेले की पुढचा खर्च प्लगांच्या संचाच्या कैक पटींनी जास्त असतो. कॉइल काढल्यावर प्लगाच्या खोल खाचेत माती दिसली तर हवेच्या दाबाने ती आधी उडवावी. पावसाळ्यात महाबळेश्वर किंवा कासच्या बाजूला जाऊन आलेल्या गाडीच्या खाचेत पाण्याचा अंशही आढळतो. तसे असेल तर कॉइलच्या रबरी बुटाला चीर आहे का, हे बारकाईने पाहावे.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत आणि टॉर्चच्या उजेडात एकेक पाहावा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक हे सुदृढ इंजिनाचे. कोरडी काळी काजळी असेल तर वापर फार थोड्या अंतराचा आहे, मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. तेलाने ओलसर टोक दिसले तर रिंगा, व्हॉल्व्हची सीले आणि टर्बो तपासून घ्यावा. नवा प्लग त्यावर उपाय नाही. पांढरे फटक, फुटकुळ्या आलेले इन्सुलेटर अतिउष्णतेचे लक्षण. इन्सुलेटरवर चंदेरी ठिपके चमकत असतील तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात, आणि मग प्लग बदलून गाडी बाहेर काढण्याआधी नॉकिंगचे, म्हणजे इंजिनातल्या अनियंत्रित स्फोटांचे, कारण शोधायला हवे. कवचाच्या लगत वरच्या बाजूला इन्सुलेटरवर दिसणारे तपकिरी वलय मात्र निरुपद्रवी असते. उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण तिथे चिकटतात. प्लगातून वायू गळतो आहे, असा त्याचा अर्थ अनेकदा चुकीने लावला जातो.

नव्या प्लगाची गॅप तारेच्या गेजने हलक्या हाताने मोजावी. ती पुस्तिकेशी जुळत असेल तर तिला हात लावू नये. जुळत नसेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्या बारीक टोकावर जोर दिला तर प्लॅटिनमचा जोड उखडतो किंवा इन्सुलेटरला तडा जातो. नाण्यासारखे गोल गेज या कामाला वापरू नये. दुकानातून घरी आणताना प्लग जमिनीवर पडला तर तो बाजूला काढावा, वरून शाबूत दिसला तरी.

प्लग आधी बोटांच्या जोरानेच पूर्ण फिरवत न्यावा. अडला तर मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी, पान्याने रेटू नये. शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना. ॲल्युमिनियम हेडमध्ये वायसरच्या १४ मिलिमीटर प्लगासाठी साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर आणि १२ मिलिमीटरसाठी १५ ते २० न्यूटन मीटर हा नेहमीचा पल्ला आहे. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. बारीक प्लग जाड प्लगाच्या जोराने आवळला तर तो मानेतच तुटतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते, पण आधुनिक प्लगांच्या आट्यांवर मुलामा असल्याने त्याची गरज नसते, उलट घर्षण कमी झाल्याने तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त बसतो.

बसवल्यानंतर

गाडी सुरू करून थांबलेल्या स्थितीत दोन-तीन मिनिटे चालू द्यावी आणि चेक इंजिनचा दिवा विझलेला असल्याची खात्री करावी. मग इंजिन तापल्यावर यवतेश्वर घाटाचा एक फेरा मारावा. साताऱ्यातून निघताच लागणारा हा चढ यासाठी सोयीचा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून, पाय हळूहळू दाबत जावा. दाबाखाली झटका किंवा मिसिंग जाणवले तर आधी गॅप आणि कॉइलची बसवणूक तपासावी. कडकड असा नॉकिंगचा आवाज आला तर गाडीचा जोर तिथेच कमी करून उष्णता श्रेणीचा क्रमांक पुन्हा पडताळावा, आणि इंजिनात टर्बोसाठी शिफारस केलेल्या दर्जाचे ऑइल आहे ना, हेही पाहावे. कमी वेगात जास्त भार पडल्यावर होणारे अकाली ज्वलन रोखण्याची चाचणी ‘एपीआय एसएन प्लस’ आणि त्यानंतरच्या ‘एसपी’ दर्जात समाविष्ट आहे.

सर्व्हिसच्या वेळी गॅरेजमध्ये प्लग वाळूच्या यंत्रात साफ करून देण्याची पद्धत अजून टिकून आहे. निकेलच्या प्लगाला ते चालत असे; प्लॅटिनमला तारेचा ब्रश किंवा वाळू लावू द्यायची नाही, हे जॉबकार्डवर स्पष्ट लिहून घ्यावे. प्लगाचा क्रमांक, गॅप आणि बसवतानाचे किलोमीटर सर्व्हिस पुस्तिकेत नोंदवावेत, आणि शिफारशीच्या निम्मे अंतर झाल्यावर निदान एक प्लग काढून त्याचा रंग व गॅप पाहावी.